‘मॅडम, मन लागंना’: अभ्यासाची ओढ कशी तयार होते आणि कशी टिकवायची

दिवाळी सरली की आमच्या वसतिगृहात एक वाक्य रोज कानावर यायचं. संध्याकाळच्या अभ्यासाच्या वेळी एखादी मुलगी पुस्तक छातीशी धरून ऑफिसच्या दारात उभी राहायची आणि हळूच म्हणायची, ‘मॅडम, मन लागंना.’

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मुलींच्या सरकारी वसतिगृहात 24 वर्षं गृहपाल होते. 80 मुली, आठवीपासून कॉलेजपर्यंतच्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त ऊसतोड कामगारांच्या घरच्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आईवडील मुकादमाच्या टोळीबरोबर सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे, नाहीतर थेट कर्नाटकात बेळगावकडे जायचे, ते मार्च-एप्रिलपर्यंत परतायचे नाहीत. दहावीची पोर बोर्डाच्या पहिल्या पेपरला निघायची तेव्हा तिची आई कुठल्यातरी फडात मोळ्या बांधत असायची.

सुरुवातीची काही वर्षं या वाक्याला माझं एकच उत्तर ठरलेलं होतं. आईबाप उन्हातान्हात कोयता चालवतायत, त्यांची आठवण ठेव आणि बस अभ्यासाला. मुलगी डोळे पुसायची, जाऊन बसायची. तासाभराने फेरी मारायला गेले की तिच्यासमोर तेच पान उघडं. आईबापांचे कष्ट तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होते. मी त्या आठवणीने तिच्या डोक्यावरचं ओझं तेवढं वाढवत होते, आणि पान काही उलटत नव्हतं. हे कळायला मला फार वर्षं लागली, आणि त्या वर्षांतल्या मुलींची चुटपुट अजून आहे. म्हणून पुढे जे कळलं ते विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी सविस्तर लिहिते आहे.

आधी पान विचारा

‘मन लागत नाही’ हे ‘पोटात दुखतंय’सारखं वाक्य आहे. त्यावरून दुखणं कळत नाही. डॉक्टर जसे कुठे दुखतं, कधीपासून, काय खाल्लं होतं असं विचारत जातात, तसं विचारत जावं लागतं. मी एक शंभरपानी वही केली आणि दारात आलेल्या प्रत्येक मुलीला चार गोष्टी विचारून त्यात लिहायला लागले. काल किती वाजता झोपलीस? आत्ता नेमकं कोणतं पान उघडलं होतंस आणि कोणत्या ओळीवर अडलीस? हे आज करायचं असं तुझं तू ठरवलंस, की कुणी सांगितलं म्हणून बसलीस? आणि सध्या काळजी कशाची आहे?

हेच चार प्रश्न तुम्ही स्वतःला विचारा, आणि उत्तरं लिहा. मनात विचारले तर ‘माहीत नाही’ हेच उत्तर येतं. कागदावर ‘माहीत नाही’ लिहायला हात धजत नाही, काहीतरी खरं निघतंच.

झोपेच्या प्रश्नावर फार बोलत नाही. आमच्याकडे साडेदहाला दिवे बंद व्हायचे. पांघरुणात बॅटरी लावून रात्री एकपर्यंत वाचणाऱ्या मुली दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारात यायच्या. त्यांना मी उपाय म्हणून झोपच सांगायचे. दोन रात्री नीट झोपल्यावरही मन लागलं नाही, तरच पुढचा प्रश्न.

वहीत सगळ्यात जास्त उत्तरं दुसऱ्या प्रश्नाला सापडली. मन लागत नाही असं म्हणणाऱ्या बहुतेक मुलींना समोरचं समजत नव्हतं. न समजणाऱ्या पानासमोर तासभर बसणं ही शिक्षा आहे, आणि शिक्षेत कुणाचं मन लागेल? पण ‘समजत नाही’ म्हणायची लाज वाटते आणि ‘मन लागत नाही’ म्हणायची वाटत नाही. म्हणून एकाचं दुखणं दुसऱ्याच्या नावावर खपतं.

पाचवीचं पुस्तक, वर्तमानपत्राचं कव्हर

धारूरकडची एक मुलगी दहावीत होती. मराठी, इतिहास उत्तम. गणिताचं नाव काढलं की डोकं दुखायचं. सहामाहीला बीजगणितात 40 पैकी 6 मिळाले आणि तिने सगळ्यांना सांगून टाकलं की गणित आपल्या नशिबातच नाही.

मी पान विचारलं. पहिलाच धडा होता, दोन चलांतील रेषीय समीकरणं. म्हटलं, एक माझ्यासमोर सोडव. समीकरण तिने बरोबर मांडलं. एका चलाचा लोप करायची रीतही बरोबर होती. मध्ये अपूर्णांक आला आणि पेन थांबलं. मी कागदाच्या कोपऱ्यात लिहून दिलं, एक छेद दोन अधिक एक छेद तीन. तिने उत्तर लिहिलं, दोन छेद पाच.

वरचे अंक एकमेकांत मिळवले, खालचे एकमेकांत. ही चूक पाचवीतली. आणि पाचवीत ती शाळेत नव्हतीच. त्या वर्षी तिला सांभाळायला गावात कुणी नव्हतं, म्हणून आईबापांबरोबर फडावर गेली होती, धाकट्या भावाला कडेवर घेऊन कोपीपाशी, म्हणजे फडावरच्या झोपडीपाशी, बसायला. परत आली तेव्हा अपूर्णांक शिकवून झाले होते, आणि पुढे पाच वर्षं कुणी तिला त्याबद्दल विचारलं नाही.

मी म्हटलं, ‘ताटात अर्धी भाकरी आहे. मी वर आणखी एक तृतीयांश वाढली. भाकरी वाढली का कमी झाली?’ ‘वाढली.’ ‘आता तुझं उत्तर बघ. भाकरीचे पाच भाग केले आणि त्यातले दोनच घेतले. अर्धीपेक्षा जास्त का कमी?’ तिने बराच वेळ कागदाकडे पाहिलं. मग म्हणाली, ‘कमी. म्हंजे वाढल्यावर कमी झाली?’ आणि हसली. गणिताच्या बाबतीत मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

आमच्या स्वयंपाकाच्या मावशींचा मुलगा तेव्हा सहावीत होता. त्याचं पाचवीचं गणिताचं पुस्तक मी मागवून घेतलं. दहावीतल्या मुलीने पाचवीचं पुस्तक हातात धरायचं म्हणजे लाज आली, म्हणून तिने त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. रोज प्रार्थनेआधी दहा गणितं, एवढंच ठरलं. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी ती स्वतःहून आली. ‘मॅडम, आज पंधरा केली.’

ती वरची पाच गणितं तिला कुणी सांगितली नव्हती. त्यांचे मार्क मिळणार नव्हते. जमतंय, म्हणून तिने आणखी केली. आम्ही मोठी माणसं समजतो की आधी आवड असते, मग माणूस काम करतो आणि मग ते जमायला लागतं. मी 24 वर्षांत हे बहुतेक वेळा उलट्या क्रमाने घडताना पाहिलं. थोडं जमलं की हात पुन्हा तिकडे जातो, आणि असा बऱ्याचदा गेला की त्यालाच आपण आवड म्हणतो. त्या मुलीला बोर्डात गणितात 58 मिळाले. गणिताच्या भीतीपायी अकरावीला जाणारच नाही म्हणणारी मुलगी पुढे शिकली.

तुमचा विषय कुठलाही असो, करायचं हे. अडलेल्या पानापासून मागे मागे जा. मागचा धडा, मागची इयत्ता, त्याच्याही मागची. दहापैकी आठ प्रश्न स्वतःच्या बळावर सुटतील असं पान लागेपर्यंत थांबू नका. तिथून सुरुवात करा. दहाच्या दहा सुटत असतील तर ते पान फार सोपं आहे, चार दिवसांत कंटाळा येईल. दोनच सुटत असतील तर आणखी मागे जा. पाचवीपर्यंत जावं लागलं तर जा, लाज वाटली तर कव्हर घाला. मागे गेल्याने वेळ वाया जातो अशी भीती वाटते, पण पाचवीचे अपूर्णांक पंधरा वर्षांच्या मुलीला समजायला तीन आठवडे पुरतात. दहा वर्षांच्या मुलाला लागतात तेवढे महिने लागत नाहीत.

वह्या संपल्या आणि हॉल रिकामा झाला

आता माझ्या हातून झालेली एक चूक.

एका वर्षी गावातल्या एका दुकानदाराने वसतिगृहाला दोनशे पानांच्या वह्यांचे गठ्ठे दिले. मला वाटलं, याचा चांगला उपयोग करू. आठवडाभर रोज पहाटे पाचला हॉलमध्ये येऊन बसेल तिला रविवारी एक वही. डिसेंबरच्या थंडीत हॉल गच्च भरला. मी फार खुश होते. जानेवारीच्या मध्यावर वह्या संपल्या आणि चार दिवसांत हॉल ओस पडला. आधी न येणाऱ्या मुली पुन्हा यायच्या थांबल्या, ते मी समजू शकत होते. पण सात-आठ मुली अशा होत्या की ज्या बक्षिसाच्या आधी, कुणी न सांगता, दोन दोन वर्षं पहाटे उठत होत्या. त्याही येईनात. त्यांतल्या एकीला विचारलं तर तिने अगदी साधेपणाने मलाच विचारलं, ‘आता काय मिळणारंय मॅडम?’

काही वर्षांनी औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, एका प्रशिक्षणात तज्ज्ञांनी एक प्रयोग सांगितला आणि मला माझा तो जानेवारी आठवला. 1973 साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतली अशी मुलं निवडली ज्यांना रंगीत पेनांनी चित्रं काढायला मुळातच आवडायचं. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता, चित्र काढून झाल्यावर अचानक दिलं. काहींना काहीच दिलं नाही. नंतर थोड्या दिवसांनी तीच पेनं वर्गात नुसती ठेवली आणि कोण किती वेळ चित्रं काढतंय ते लपून पाहिलं. बक्षिसाचं आधी कबूल केलेली मुलं इतरांच्या निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची ओढ मात्र कमी झाली नव्हती. त्याआधी 1971 मध्ये एडवर्ड डेसी यांनी कॉलेजच्या मुलांना ठोकळ्यांची कोडी देऊन हेच पाहिलं होतं. कोड्यामागे पैसे मिळालेली मुलं पैसे थांबल्यावर कोड्यांना पूर्वीइतका हात लावत नव्हती.

बक्षीस नेहमीच वाईट, असं मी म्हणणार नाही. पेटी आवरणं, फॉर्म भरणं, अशा मुळात कुणाला न आवडणाऱ्या कामाला खाऊचं आमिष लावल्याने काही बिघडत नाही, तिथे मुळातली ओढच नसते. पण जिथे थोडीशी का होईना स्वतःची ओढ आहे तिथे ‘हे कर, मग ते देते’ असा सौदा केला की त्या ओढीच्या जागी सौदा जाऊन बसतो. म्हणून आईवडिलांना माझं कळकळीचं सांगणं आहे, ‘नव्वद टक्के पाड, मोबाइल घेऊन देतो’ हे बोलू नका. चांगलं झालं की न सांगता काहीतरी गोड करा. आणि शाबासकी देताना ‘हुशार आहेस’ म्हणण्यापेक्षा तिने काय केलं ते सांगा. 1998 मध्ये म्युलर आणि ड्वेक यांनी पाचवीच्या वयाच्या मुलांवर केलेल्या प्रयोगांत, ‘तू हुशार’ असं कौतुक झालेली मुलं पुढे सोपी कामं मागायला लागली आणि एकदा अपयश आलं की लवकर खचली. मेहनतीचं कौतुक झालेल्यांनी अवघड कामं मागून घेतली. मी तेव्हापासून ‘शहाणी माझी’ म्हणायचं सोडलं आणि ‘तिसऱ्यांदा केलंस तेव्हा जमलं बघ’ असं म्हणायला लागले.

डेसी आणि त्यांचे सहकारी रिचर्ड रायन यांनी पुढे अनेक वर्षं याच विषयावर काम केलं. त्यांचं म्हणणं असं की माणसाची आतली ओढ तीन गोष्टींवर जगते: आपलं आपण ठरवल्याची जाणीव, जमत असल्याची जाणीव, आणि आपलं कुणीतरी आहे ही जाणीव. जमण्याबद्दल वर लिहिलं. आपलं आपण ठरवणं वसतिगृहात कठीण असतं, कारण तिथे सगळंच घंटेवर चालतं. तरी मी अभ्यासाचं वेळापत्रक लावणं बंद केलं. जेवण, प्रार्थना आणि दिवे बंद होण्याची वेळ एवढं ठरलेलं, बाकी कोरा कागद प्रत्येकीच्या हातात. पहिल्या आठवड्यात काहींनी चौदा चौदा तासांचे बेत लिहिले आणि तिसऱ्या दिवशी ते मोडले. मी काही बोलले नाही. दुसऱ्या आठवड्याचे कागद आपोआप शहाणे झाले. एकजण गच्चीच्या जिन्यात बसायला लागली, एकजण भूगोल अंगणात फेऱ्या मारत मोठ्याने वाचायची. घरी राहणाऱ्यांनाही एवढं करता येतं. विषय शाळेने ठरवलाय, परीक्षेची तारीख बोर्डाने ठरवलीय, पण आज आधी कोणता धडा, कुठे बसून, लिहून की बोलून, हे तरी तुमचं असू द्या. घरच्यांनी त्यात बोट घालू नये.

ताट धुतलं की

‘उद्यापासून मनापासून अभ्यास करणार’ हे वाक्य मी पाहिलेल्या प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर होतं. त्यात चूक एवढीच की त्यात वेळ नाही, जागा नाही आणि पुस्तकाचं नाव नाही.

जर्मनीतले पीटर गोलवित्झर आणि त्यांच्या सहकारी ब्रान्डश्टेटर यांनी 1997 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक छोटा अहवाल लिहून पाठवायला सांगितला. निम्म्यांना फक्त काम सांगितलं. उरलेल्यांकडून आधीच लिहून घेतलं की तुम्ही तो नेमका कधी आणि कुठे बसून लिहाल. नुसतं काम सांगितलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांशांनी तो वेळेत लिहिला, वेळ-जागा ठरवलेल्यांपैकी दोन तृतीयांशांहून जास्त जणांनी.

आमच्याकडे याचं रूप ‘अमुक झालं की तमुक’ असं होतं. ‘ताट धुऊन मांडणीवर ठेवलं की सरळ हॉलमध्ये, खिडकीजवळ, भूमितीची वही.’ घड्याळाच्या वेळेपेक्षा रोज घडणाऱ्या कामाला अभ्यास बांधला तर तो जास्त टिकतो. आठ वाजून गेल्याचं कळत नाही, पण ताट रोज धुवावंच लागतं. अडचणीसाठीही असंच वाक्य हवं. आमच्याकडे भारनियमनाची वर्षं फार वाईट गेली, ऐन संध्याकाळी लाइट जायची आणि मुली ‘आता काय’ म्हणून गप्पांना बसायच्या. मग ठरलं, ‘लाइट गेली की पाठांतर.’ सगळ्या ओट्यावर यायच्या, अंधारात सूत्रं, कविता, सनावळ्या. काही मुली तर लाइट जायची वाट बघायला लागल्या. मोबाइलचंही असंच. ‘कमी बघेन’ असं ठरवून काही होत नाही. ‘वही उघडली की मोबाइल आजीच्या उशाखाली’ हे होतं, कारण तो परत आणायला उठून जावं लागतं आणि आजी विचारते.

आणि एवढं करूनही बसावंसं वाटलं नाही तर? तरी बसायचं, पण दहा मिनिटंच. दहा मिनिटांनी उठायची पूर्ण मोकळीक, कुणी काही म्हणणार नाही. ही मोकळीक खरी हवी, मी ती खरीच देत होते. तरी उठणाऱ्या मुली थोड्याच. सगळ्यात जड असतं ते वही उघडणं. पहिला प्रश्न अर्धा सुटला की बाकीचा अर्धा सोडून जाववत नाही. पण ज्या दिवशी दहा मिनिटांनंतरही नको वाटेल त्या दिवशी खरंच उठा. नाहीतर उद्या दहा मिनिटांच्या बोलीवर तुमचा स्वतःचाच विश्वास राहणार नाही.

वही मिटा

मेहनत करूनही मार्क येत नाहीत, हे माणसाचा जीव सगळ्यात लवकर काढतं. आळशी मुलीपेक्षा मला अशा मुलींची काळजी जास्त वाटायची. चार चार वेळा धडा वाचलेला, खाली तीन रंगांच्या रेघा, आणि चाचणीत पाटी कोरी. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा पुस्तक उघडायला कुणाचं मन होणार?

पुन्हा पुन्हा वाचलं की ओळी ओळखीच्या वाटतात, आणि ओळखीचं म्हणजे येतंय असा भास होतो. 2006 मध्ये रोडिगर आणि कारपिकी यांनी कॉलेजच्या मुलांना उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढं कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतरच्या चाचणीत आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले.

म्हणून एक पान वाचलं की वही मिटा आणि आठवेल ते लिहा. पहिल्यांदा चारच ओळी आठवतील, वाईट वाटेल. कागदावर तारीख घाला आणि तो जपून ठेवा. तीन दिवसांनी तेच पान न वाचता पुन्हा लिहा, मग आठवड्याने पुन्हा. चार ओळींच्या सात झाल्या, सातच्या अकरा, हे स्वतःच्या अक्षरात दिसतं. दुसऱ्याच्या मार्कांशी तुलना करून जीव जाळण्यापेक्षा आपलेच तीन कागद शेजारी ठेवून पाहणं फार बळ देतं. आमच्या मुली हे कागद पेटीच्या झाकणाला आतून चिकटवायच्या.

जिथे अभ्यासाचे उपाय चालत नाहीत

चौथ्या प्रश्नाचं उत्तर कधीकधी असं यायचं की वही मिटवून ठेवावी लागायची. पाटोद्याकडची नववीतली एक मुलगी महिनाभर पुस्तकाला हात लावत नव्हती. दहा मिनिटं नाही, पाचवीचं पुस्तक नाही, काहीच लागू पडेना. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाली, ‘मॅडम, यंदा फडावरनं आले की माझं लगीन करायचं म्हणतेत.’

अशा मुलीला ‘मन लाव’ म्हणणं हा अन्याय आहे. 18 वर्षांखालच्या मुलीचं लग्न लावणं हा 2006 च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने गुन्हा आहे. आपल्याकडे गावात ग्रामसेवकाकडे, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, ते थांबवण्याची जबाबदारी असते. 1098 या चाइल्ड हेल्पलाइनच्या क्रमांकावर कुणीही, मुलगी स्वतःसुद्धा, फोन करू शकते. तिच्या बाबतीत आम्ही आधी वडिलांशी फोनवर तीनदा बोललो. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, घरात तरणी पोर एकटी कुठे ठेवायची ही त्यांची भीती खरी होती. वसतिगृहात कॉलेजपर्यंत राहता येतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. लग्न थांबलं. तिचं मन अभ्यासात लागायला त्यानंतरही दोन महिने लागले, आणि ते साहजिक होतं.

घरातलं दारूचं भांडण, कुणाचा त्रास, कर्ज, सतत रडू येणं, जेवण न जाणं, जगणं नकोसं वाटणं, यातलं काहीही तुमच्या चौथ्या उत्तरात आलं तर अभ्यासाचं तंत्र शोधत बसू नका. विश्वासाच्या एका मोठ्या माणसाला आजच सांगा. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.

रविवारचा फोन

शेवटी ‘आपलं कुणीतरी आहे’ याबद्दल. फडावरून रविवारी रात्री फोन यायचे. सगळे फोन सारखेच. जेवलीस का, बरी आहेस का, अभ्यास कर. मुलगी ‘हो’ म्हणायची, आणि ठेवल्यावर आणखी उदास व्हायची. मी एकीला सुचवलं की या आठवड्यात काय शिकलीस त्यातली एक गोष्ट वडिलांना समजावून सांग. ती अकरावी सायन्सला होती. कुठली सांगू म्हणाली. मी म्हटलं, वडील काय करतात?

पुढच्या रविवारी ती ऑफिसातल्या फोनवर वडिलांना सांगत होती की उसाचं पान उन्हात साखर तयार करतं, ती साखर खाली उतरून कांड्यांत साठते, आणि बुडख्याकडच्या कांड्या आधी पिकतात म्हणून त्यांत साखर जास्त असते. शेंड्याची कांडी अजून वाढत असते, ती साखर वाढीला वापरून टाकते, म्हणून वाढं, म्हणजे उसाचा शेंडा, पाणचट लागतं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग वडील म्हणाले, ‘बुडाला गोड असतंय ते ठावं होतं. का ते आज कळलं.’ बावीस हंगाम ऊस तोडलेला माणूस. मागून कोपीतल्या दुसऱ्या कुणाचा तरी आवाज आला, फोनचा आवाज वाढव म्हणून.

तुमचं असं एक माणूस शोधा. त्याला विषय कळत नसला तर जास्तच चांगलं, कारण मग पाठ केलेलं चालत नाही, समजलेलंच सांगावं लागतं. आजी, शेजारचे काका, धाकटी बहीण, कुणीही. आठवड्यातून एक वार ठरवा आणि एकच गोष्ट सांगा, पाच मिनिटं. ऐकणाऱ्याने मार्क विचारायचे नाहीत, एवढी एक अट घाला.

त्या मुलीच्या वडिलांनी फोन ठेवण्याआधी विचारलं होतं, ‘मग त्या खोडव्याचं काय गं? लागण नाही, बेणं नाही, तोडला तरी पुन्हा येतोय कसा?’ तिला ते सांगता आलं नाही. ती फोन ठेवून तशीच हॉलमध्ये गेली, जीवशास्त्राचं पुस्तक काढलं आणि अनुक्रमणिकेवर बोट फिरवायला लागली. तेव्हा रात्रीचे सव्वानऊ झाले होते. तिने कागदावर लिहिलेली अभ्यासाची वेळ संपून गेली होती.